स्वस्त काडतुसे निवडावीत कशी आणि ठेवावीत कुठे : ५० मीटर रायफल नेमबाजांसाठी

नागपुरात ५० मीटर रायफलचा सराव सुरू करणारे बहुतेक नेमबाज कामाचा क्रमच उलटा लावतात. स्वस्त मिळाली म्हणून ते आधी काडतुसांचा मोठा साठा घेतात, नंतर ती आपल्या रायफलीत कशी चालतात हे पाहतात आणि ठेवायची कुठे याचा विचार पावसाळा डोक्यावर आला की करतात. मी स्वतः हेच केले आहे. काही वर्षांपूर्वी भाव बरा मिळाला म्हणून ५०० काडतुसांचे संपूर्ण पाकीट, ज्याला रेंजवर सगळे ब्रिक म्हणतात, चाचणी न करता घेतले आणि कुलर लागणाऱ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवून दिले. ऑगस्टमध्ये एक डबी उघडली तेव्हा पुठ्ठ्याची झाकणे पोळीसारखी फुगून वाकलेली होती आणि शिशाच्या गोळ्यांवर बोटाला लागेल अशी चुन्यासारखी पांढरी भुकटी धरली होती. त्यातली निम्मी काडतुसे वाया गेली आणि उरलेली माझ्या रायफलीला मानवणारी नव्हतीच, हे त्यानंतर कळले.

पुढील टप्पे .२२ लाँग रायफल या काडतुसासाठी आहेत, कारण ५० मीटरच्या स्पर्धेत तेच चालते. ते ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत.

टप्पा १ : परवाना वाचणे

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार काडतूस हीसुद्धा परवान्यावरच बाळगायची वस्तू आहे. नागपूर शहरात परवाना पोलीस आयुक्तांकडून आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो. खरेदीआधी परवान्यावर चार गोष्टी वाचाव्यात : शस्त्राचा बोअर (नळीचा आतला व्यास), परवान्याची मुदत, एका वेळी जवळ ठेवता येणाऱ्या काडतुसांची संख्या आणि वर्षभरात विकत घेता येणाऱ्या काडतुसांची संख्या. शेवटच्या दोन संख्या वेगवेगळ्या असतात आणि गोंधळ नेमका त्यांतच होतो. समजा, एका वेळी ५०० काडतुसे ठेवण्याची मुभा आहे आणि घरी १२० शिल्लक आहेत. अशा वेळी वर्षाचा कोटा कितीही उरलेला असला तरी नवे पूर्ण ब्रिक घेता येत नाही, कारण ते घरी येताच आपण मर्यादा ओलांडलेली असते.

स्पर्धांतील कामगिरीवर ज्यांना नामांकित नेमबाजाचा दर्जा मिळतो, त्यांच्या मर्यादा आणि आयातीच्या सवलती वेगळ्या असतात. आपल्याच क्लबमधील अशा खेळाडूचे पाहून आपला आकडा ठरवू नये.

ज्यांच्याकडे स्वतःचा परवाना नाही त्यांनी क्लबची रायफल आणि क्लबची काडतुसे रेंजवरच वापरावीत. सराव संपल्यावर उरलेली दहा काडतुसे पुढच्या रविवारी लागतील म्हणून खिशात घालून घरी नेणे हा गुन्हा आहे, आणि हे नव्या मुलांना कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगावे लागते.

*तपासा :* परवान्यावरील मर्यादेतून घरातील आजची शिल्लक वजा करून आलेली संख्या कागदावर लिहिली आहे का? खरेदीची कमाल मर्यादा तीच.

टप्पा २ : रायफल चाचणीयोग्य करणे

बॅरलवर कोरलेली अक्षरे वाचावीत. तेथे .२२ लाँग रायफल असे असेल तर तेच काडतूस भरायचे. .२२ मॅग्नम नावाचे काडतूस बाजारात असते. त्याची पुंगळी, म्हणजे दारू भरलेली पितळी नळी, जाडीलाही मोठी असते, त्यामुळे मॅग्नमच्या चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याच्या जागेत) लाँग रायफलचे काडतूस सैल बसते आणि बार उडताच पुंगळी फाटू शकते. .२२ शॉर्ट हे आखूड काडतूस लाँग रायफलच्या चेंबरमध्ये बसते खरे, पण त्याच्या पुंगळीपुढे काजळीचे कडे धरते आणि मग लांब काडतूस अडकू लागते.

चाचणीच्या आदल्या दिवशी बॅरल उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे स्वच्छ करावे, दस्त्याचे आणि साइटचे स्क्रू घट्ट आहेत याची खात्री करावी. सैल स्क्रूमुळे ग्रुप, म्हणजे टारगेटवरच्या छिद्रांचा पुंजका, पसरतो आणि दोष काडतुसांच्या माथी जातो, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

टप्पा ३ : नावांची छोटी यादी करणे

दुकानात किंवा क्लबच्या यादीत .२२ चे दहा-बारा प्रकार दिसतात. त्यांतील निम्मे एका निकषावर गळतात, तो निकष म्हणजे वेग. ५० मीटरच्या नेमबाजीसाठी ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची, वंगण लावलेली साधी शिशाची गोळी आणि सेकंदाला ३२० ते ३३० मीटरच्या आसपासचा वेग असलेले काडतूस घ्यावे. डबीवर त्याला स्टँडर्ड व्हेलॉसिटी किंवा सबसॉनिक म्हटलेले असते. तांब्याचा मुलामा दिलेली चकचकीत, हाय व्हेलॉसिटी काडतुसे पुष्कळदा स्वस्त पडतात आणि जोरदार वाटतात म्हणून नवा माणूस तिकडे वळतो. ती घेऊ नयेत.

त्याचे कारण समजून घेतले तर पुन्हा मोह होणार नाही. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानाबरोबर वाढतो. डिसेंबरच्या १० अंशांच्या सकाळी तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर असतो, तर मेच्या ४५ अंशांत सुमारे ३५८ मीटर. हाय व्हेलॉसिटी गोळी बॅरलमधून सुमारे ३७५ मीटर वेगाने निघते आणि ५० मीटर गाठण्याआधीच ध्वनीच्या वेगाखाली उतरते. हा उंबरठा ओलांडताना गोळी डळमळते. शिवाय आडव्या वाऱ्यात ही वेगवान गोळी संथ गोळीपेक्षा जास्त ढकलली जाते, कारण वाऱ्याचा परिणाम गोळी हवेत किती वेग गमावते यावर ठरतो, ती किती लवकर पोचते यावर नाही. स्टँडर्ड काडतूस हिवाळ्यात काय, उन्हाळ्यात काय, ध्वनीच्या वेगाखालीच राहते.

आता उरलेल्यांपैकी तीन किंवा चार प्रकार निवडावेत. एली, एसके, लापुआ, आरडब्ल्यूएस, सीसीआय या कंपन्यांच्या सरावाच्या श्रेणीतील काडतुसे आणि मिळत असल्यास देशी बनावटीचे एक, एवढी यादी पुरे. त्यात एक नमुना मुद्दाम वरच्या श्रेणीचा ठेवावा. तो विकत घेण्यासाठी नसून रायफल मुळात किती चांगला ग्रुप देऊ शकते हे कळण्यासाठी असतो.

*इशारा :* कोणत्या खेळाडूने कोणते काडतूस वापरून पदक मिळवले यावरून यादी करू नये. त्याच्या बॅरलला मानवलेले काडतूस आपल्या बॅरलला मानवेलच असे नाही.

टप्पा ४ : एकेक डबी आणून चाचणी

प्रत्येक प्रकारची ५० काडतुसांची एकच डबी घ्यावी आणि तिच्या कडेवर छापलेला लॉट क्रमांक, म्हणजे एकत्र बनवलेल्या मालाचा क्रमांक, वहीत लिहावा. चाचणी सकाळी सात-साडेसातच्या सुमारास, वारा पडलेला असताना, ५० मीटरवर आणि रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून करावी. उभे राहून घेतलेली चाचणी आपली असते, काडतुसाची नसते.

प्रकार बदलला की पहिले दहा शॉट मोजू नयेत. प्रत्येक कंपनीचे वंगण वेगळे असते आणि बॅरलमध्ये आधीच्या वंगणाचा थर असेपर्यंत नवे काडतूस खरे रूप दाखवत नाही. हे दहा शॉट वाचवण्यासाठी लोक थेट मोजणी सुरू करतात आणि पहिल्या क्रमांकावर असलेल्या काडतुसाला शेवटी टाकतात. उरलेल्या ४० काडतुसांचे दहा-दहा शॉटचे चार ग्रुप घ्यावेत. पाच शॉटचा एखादा सुंदर ग्रुप कोणत्याही काडतुसाचा निघतो; तो फोटो काढण्यापुरता ठीक आहे, निर्णयासाठी नाही.

ग्रुप मोजताना सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरील कडांमधले अंतर घ्यावे आणि त्यातून गोळीचा व्यास, म्हणजे ५.६ मिमी, वजा करावा. मिळालेला आकडा केंद्र ते केंद्र असतो. चार ग्रुपची सरासरी काढावी, पण सर्वांत वाईट ग्रुपही शेजारी लिहावा, कारण स्पर्धेत गुण त्याच ग्रुपमुळे जातात.

ग्रुपचा आकार पाहताना त्याची ठेवणही पाहावी. छिद्रे आडवी पसरली असतील तर वारा किंवा आपला चाप दाबण्याचा दोष असू शकतो. ती उभी, एका रेषेत खालीवर असतील तर संशय काडतुसावर घ्यावा, कारण एका शॉटपासून दुसऱ्या शॉटचा वेग बदलतो आहे. सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी सात-आठ मिमी वर किंवा खाली लागते. स्वस्त आणि महाग काडतुसांतील भावाचा फरक बहुतांशी या एकसारखेपणाचा असतो.

*तपासा :* प्रत्येक टारगेटच्या कागदावर काडतुसाचे नाव, लॉट क्रमांक, तारीख, तापमान आणि ग्रुपचा क्रम लिहिला आहे का? घरी आल्यावर कोणता कागद कशाचा हे आठवत नाही.

टप्पा ५ : किती चांगले काडतूस पुरेसे आहे याचा हिशेब

येथे घाई करू नये, कारण पैसे वाचतात ते याच टप्प्यात.

५० मीटरच्या टारगेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचे असते. छिद्राची कड रेषेला शिवली तरी वरचा गुण मिळतो, म्हणून गोळीचे केंद्र टारगेटच्या केंद्रापासून ८ मिमीच्या आत पडले तर दहा गुण होतात. दुसऱ्या शब्दांत, १६ मिमीच्या वर्तुळात मावणारा ग्रुप नीट मध्यावर बसवला तर त्यातील प्रत्येक शॉट दहाचा. वरच्या श्रेणीची काडतुसे याहून पुष्कळ लहान ग्रुप देतात, आणि तो फरक अंतिम फेरीतल्या दशांश गुणांसाठी लागतो. क्लबच्या पातळीवर सराव करणाऱ्याला तो लागतो का, हे पुढच्या हिशेबाने कळते.

हाताचा पसारा (आपल्यामुळे पसरणारा ग्रुप) आणि काडतुसाचा पसारा यांची साधी बेरीज होत नाही. दोन्हींचे वर्ग करून मिळवावेत आणि बेरजेचे वर्गमूळ काढावे, म्हणजे टारगेटवर दिसणाऱ्या ग्रुपचा बऱ्यापैकी अंदाज येतो. समजा, आपला स्वतःचा पसारा ३० मिमी आहे. १८ मिमीचे स्वस्त काडतूस वापरले तर टारगेटवर सुमारे ३५ मिमीचा ग्रुप दिसेल. १२ मिमीचे महाग काडतूस वापरले तर सुमारे ३२ मिमीचा. तीन मिमीसाठी पैसे मोजायचे नाहीत. आता हाच पसारा सरावाने १२ मिमीवर आला असे धरा. स्वस्त काडतुसाने ग्रुप सुमारे २२ मिमी आणि महाग काडतुसाने १७ मिमी होतो, आणि दहाच्या वर्तुळाशी तुलना केली तर हा फरक मोठा आहे. म्हणून काडतुसाची श्रेणी हात सुधारल्यावर वाढवावी. हात सुधारावा म्हणून काडतूस वाढवणारे पालक मला दरवर्षी भेटतात.

आता रुपये. आठवड्याला तीन दिवस सराव, प्रत्येक वेळी ६० मोजके आणि १५ साइटर (नेम जुळवण्याचे, गुणांत न धरलेले) शॉट, असे धरले तर महिन्याला सुमारे ९०० काडतुसे लागतात. केवळ उदाहरण म्हणून एक काडतूस १८ रुपयांचे आणि दुसरे ३२ रुपयांचे धरले, तर महिन्याचा खर्च १६,२०० आणि २८,८०० रुपये येतो. फरक १२,६०० रुपयांचा. त्यात फुसक्या निघणाऱ्या काडतुसांचाही विचार करावा. ५० च्या डबीत एखादा बार उडालाच नाही तर पैशाचे नुकसान किरकोळ असते, पण प्रत्येक डबीत असे होऊ लागले की चाप दाबताना मन आधीच कचरते, आणि ती सवय मोडायला महिने लागतात. असे काडतूस फुकट मिळाले तरी घेऊ नये.

खर्च कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय काडतूस बदलणे हा नसून काडतुसाविना चाप दाबण्याचा सराव वाढवणे हा आहे. मात्र .२२ च्या रायफलीत चेंबर रिकामे ठेवून फायरिंग पिन वारंवार सोडली तर चेंबरच्या कडेला खाच पडू शकते. म्हणून रायफलीच्या पुस्तिकेत तशी परवानगी आहे का, किंवा त्यासाठी वेगळी सोय दिली आहे का, हे पाहूनच हा सराव करावा. तो करण्याआधी चेंबर डोळ्यांनी तपासावे आणि काडतुसे खोलीबाहेर असावीत.

टप्पा ६ : एकाच लॉटची खरेदी

निर्णय झाला की चाचणीतल्याच लॉट क्रमांकाची काडतुसे मागावीत. कंपनी तीच, नाव तेच, पण लॉट वेगळा असेल तर ते आपल्यासाठी नवे काडतूस आहे असे समजावे. विक्रेत्याकडे तो लॉट संपला असेल तर नव्या लॉटची एक डबी घेऊन टप्पा ४ पुन्हा करावा. हे सांगितले की लोक कंटाळतात, पण एका डबीच्या किमतीत ब्रिक वाचते.

खरेदी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून किंवा क्लबच्या अधिकृत व्यवस्थेतूनच करावी. परवान्यावर खरेदीची नोंद आपल्यासमोर करून घ्यावी आणि पक्के बिल घ्यावे. दुकानातच दोन डब्या उघडून पाहाव्यात. शिशावर पांढरी भुकटी, पितळेवर हिरवट डाग, चेपलेली रिम (पुंगळीच्या बुडाची कड) किंवा धुळीने काळे झालेले वंगण दिसले तर माल परत करावा. रिमवर विशेष लक्ष द्यावे, कारण या काडतुसात बार पेटवणारा मसाला रिमच्या आतच असतो.

*इशारा :* सुटी, डबीविना मिळणारी काडतुसे घेऊ नयेत. ओळखीच्या परवानाधारकाकडून उरलेली काडतुसे घेणे किंवा त्याला देणे हा परस्पर व्यवहार कायद्यात बसत नाही, मग मैत्री कितीही जुनी असो. .२२ ची वापरलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही, आणि परवान्याविना काडतुसे बनवणे हा गंभीर गुन्हा आहे.

टप्पा ७ : साठवण

काडतुसांना तीन गोष्टी मारतात : ओल, उष्णता आणि तापमानाची सततची चढउतार. पुण्याच्या किंवा कोकणातल्या माणसाला पावसाळ्याची भीती वाटते. आपल्याकडे ओल उन्हाळ्यात येते, आणि ती आपणच विकत आणतो. एप्रिल-मेमध्ये बाहेरची हवा पापडासारखी कोरडी असते, पण खोलीत कुलर सुरू झाला की चित्र पालटते. माझ्या घरी गेल्या मेमध्ये एका दुपारी गच्चीवर आर्द्रता २० टक्क्यांच्या आत होती आणि कुलरच्या खोलीत आर्द्रतामापकाचा काटा ६५ च्या पुढे गेला होता. त्या खोलीतले कपाट चार महिने ओल पीत राहते, आणि मग पाऊस येतो.

म्हणून जागा निवडताना आधी कुलर कोठे लागतो ते पाहावे आणि ती खोली वगळावी. नंतर पश्चिमेची भिंत वगळावी, कारण तिला टेकलेले लोखंडी कपाट संध्याकाळपर्यंत तापलेले असते. वरच्या मजल्यावर स्लॅबखालचा माळा तर नावही काढू नये. तळमजल्यावरची, आतली, उत्तर किंवा पूर्वेच्या बाजूची खोली आणि तिच्यातला जमिनीपासून हातभर वरचा कप्पा ही बहुतेक घरांत सर्वांत बरी जागा असते. तापमान १५ ते २५ अंशांत राहिले तर उत्तम. नागपुरात मेमध्ये ते शक्य नसते, पण दिवसरात्रीचा फरक कमी राहिला तरी बरेच साधते.

काडतुसे मूळ डब्यांतच ठेवावीत. लॉट क्रमांक त्यावर असतो आणि रिमला धक्का लागत नाही. या डब्या रबरी पट्टीच्या झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवाव्यात आणि एका ब्रिकमागे सुमारे ५० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत घालून ठेवावे. रंग बदलणारे दाणे घ्यावेत, म्हणजे ते ओलावले की कळते. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते; ते स्वयंपाकाच्या भांड्यात भाजून सुकवू नयेत. शक्यतो नारिंगी घ्यावेत, आणि त्यांनाही वेगळेच भांडे ठेवावे.

डबा कधी बंद करावा हे डब्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण झाकण लावताना आतली हवाही बंद होते. होळीनंतर, कुलर बाहेर काढण्याआधी, कोरड्या दुपारी डबा भरून बंद करावा. जुलैमध्ये खरेदी करावी लागलीच तर सिलिका जेल दुप्पट घालावे आणि आठवड्याने बदलावे.

जाड लोखंडी, पूर्ण बंद तिजोरीत काडतुसे कोंबू नयेत. आग लागली तर सुटी काडतुसे फुटून फार दूर जात नाहीत, पण भक्कम बंदिस्त जागेत दाब साठतो आणि धोका वाढतो. हवा खेळणारे पण कुलूपबंद लाकडी किंवा पातळ पत्र्याचे कपाट चालते. पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेचे काम पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे, पेसोचे, मुख्यालय नागपुरातच आहे, त्यामुळे या शहरात स्फोटकांचे नियम जाणणारी माणसे बरीच भेटतात. पण घरातल्या चार डब्यांना नियम कशाला, असे म्हणणारी त्याहून जास्त भेटतात. रॉकेल, थिनर, फटाके, इन्व्हर्टरची बॅटरी आणि देवघरातला दिवा यांच्यापासून हा कप्पा दूर हवा.

एक धोका शेतावर घर असणाऱ्यांसाठी आहे. अमोनियाने पितळेला बारीक तडे जातात. इंग्रजी अमदानीत पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या याच कारणाने तडकत असत. काटोल-सावनेरकडे गोठ्याला लागून असलेल्या खोलीत काडतुसे ठेवण्याची पद्धत आहे, ती सोडावी. घरातही अमोनिया असलेली फरशी किंवा काच पुसण्याची द्रावणे त्याच कपाटात ठेवू नयेत. काडतुसांना तेल चोळू नये. ते गोळी आणि पुंगळी यांच्या सांध्यातून आत शिरले की मसाला मरतो आणि बार फुसका निघतो.

रायफल, तिचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) आणि काडतुसे तीन वेगळ्या कुलपांत असावीत आणि किल्ल्यांची जागा मुलांना माहीत नसावी. किल्ली देवाच्या फोटोमागे ठेवली की ती घरात सर्वांना माहीत असते.

डब्याबाहेर एक कागद चिकटवून त्यावर नाव, लॉट, खरेदीची तारीख, आलेली, वापरलेली आणि उरलेली संख्या लिहावी. जुना लॉट आधी संपवावा, पण एका सत्रात दोन लॉट मिसळू नयेत. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या सुट्टीत आणि होळीनंतर, सर्वांत वरची एक डबी उघडून शिसे आणि पितळ पाहावे. दोन वर्षांहून जुना लॉट असेल तर दहा काडतुसे चालवून चाचणीच्या कागदाशी ताडून पाहावीत. नीट ठेवलेली काडतुसे कित्येक वर्षे उडतात. प्रश्न ती एकसारखी उडतात का, हा असतो.

*तपासा :* कागदावरील शिल्लक, डब्यातील मोजणी आणि परवान्यावरील नोंदी जुळतात का? तपासणीला कोणी येण्याआधी हे आपल्याला माहीत असावे.

टप्पा ८ : घर ते रेंज

त्या दिवशी लागतील तेवढीच काडतुसे आणि परवाना सोबत न्यावा. नवतपाच्या दिवसांत उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ६० अंशांपुढे तापमान जाते. वंगण पातळ होऊन एका बाजूला उतरते आणि तापलेली दारू गोळीला जास्त वेग देते, त्यामुळे सकाळी बसवलेली साइट दहा वाजता वर मारू लागते. काडतुसे जाड कापडी पिशवीत, सावलीत, आपल्याजवळ ठेवावीत. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून काढलेली डबी लगेच उघडू नये. गार काडतुसांवर दमट हवेतले पाणी धरते. तासभर बंदच राहू द्यावी.

चाप दाबूनही बार उडाला नाही तर रायफल टारगेटच्याच दिशेने धरून किमान ३० सेकंद थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा, कारण कधीकधी बार उशिरा उडतो. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढचा शॉट मारूच नये. रायफल रिकामी करून, मागून बॅरलमध्ये पाहून गोळी अडकलेली नाही याची खात्री रेंज ऑफिसरसमोर करावी. फुसके काडतूस पुन्हा भरून नशीब पाहू नये, खिशात घालू नये आणि कचऱ्यात तर मुळीच टाकू नये. ते रेंज ऑफिसरकडे द्यावे आणि वहीत लॉट क्रमांकासह नोंदवावे. एकाच लॉटची तीन फुसकी निघाली की उरलेला लॉट बाजूला काढून बिलासह विक्रेत्याकडे जावे. रिकाम्या पुंगळ्या मोजून जपून ठेवाव्यात; वापराचा हिशेब विचारला गेला तर त्या उपयोगी पडतात.

सराव संपला की हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत. शिसे बोटांवर दिसत नाही, आणि आपली मंडळी रेंजवरून निघाली की सरळ तर्री पोह्याच्या ठेल्यावर उभी राहतात.